छत्रीवाल्याचा शेवटचा डाव

घरात सगळ्यांत धाकटी, म्हणून ती बारकी. आता चाळिशीला टेकली, जुन्या व्हिडिओ गेमची यंत्रं दुरुस्त करण्यात तिचा हात धरणारं कुणी उरलं नाही, तरी नाव बारकीच. दुकान म्हणजे जिन्याखालची खोली. टेबल, भिंग, सोल्डरिंगची कांडी आणि तपासणीला एक डबडा टीव्ही. बाई बोलायला गोड. पण डूख धरावा तर तिनंच. आतेभावावर तिनं तो सव्वीस वर्षं धरला होता.

कारण एका जपानी व्हिडिओ गेमची कॅसेट. आत्याच्या नवऱ्यानं बोटीवरच्या नोकरीतून आणलेली. तो खेळ बाजारात आला तेव्हा जपानातही त्याला कुणी विचारलं नव्हतं. आता जगभरचे शौकीन त्याच्यापायी वेडे झालेत. होताच तो तऱ्हेवाईक. नायक तलवारबहाद्दर नव्हे, छत्र्या दुरुस्त करणारा म्हातारा. राक्षस म्हणजे लोकांनी फेकून दिलेल्या वस्तू. रुसलेली किटली, तीन पायांची खुर्ची, पिसाळलेला पंखा. मारलं की दुप्पट चवताळायच्या, समजूत काढून दुरुस्त केल्या की निमूट मागं यायच्या.

बारकीला जपानीचा गंध नव्हता. कुठली खूण दाबली की काय होतं, ते बघून बघून तिनं अख्खी वही भरली. दोन वर्षांत बेचाळीस वस्तू झाल्या, उरला फक्त शेवटचा राक्षस, घड्याळराजा. कॅसेटमध्ये डाव साठवायला जागा एकच. एका सुट्टीत आतेभावानं तिच्या नाकावर टिच्चून नवा डाव सुरू केला, तिचा पुसला, वर खिदळला, "रड आता!" ती रडली नाही. तेच वाईट झालं.

आता तो इंटरनेटवर खेळ दाखवणारा चॅनलवाला झाला होता. कॅमेऱ्यासमोर आत्याकडं राहिलेली तिचीच वही नाचवत सांगायचा, "ही माझी लहानपणची मेहनत!"

आणि एका गुरुवारी तोच कॅसेट घेऊन दुकानात हजर.

"बारके, रविवारी दुपारी चारला शेवटची लढाई, लाइव्ह! डाव जपणारा आतला सेल मरायला टेकलाय, तेवढा बदल. चार वर्षांचा डाव आहे, पुसला तर जीव देईन हं!"

"आधी संगणकावर नक्कल काढून ठेवते."

"छे छे! नक्कल काढली की लोक म्हणणार हातचलाखी. आपलं सगळं अस्सल."

बारकीनं कॅसेट उलटीसुलटी करून पाहिली. मनाशी ठरवलं, नुसतं 'चुकलं' म्हणाला तरी सेल बदलून डाव जसाच्या तसा परत द्यायचा.

"दादा, हिच्यात आधी माझा डाव होता. तो कसा पुसला गेला, आठवतं?"

"तुझा? तू कुठं खेळायचीस? मागं बसून वही रंगवायचीस नुसती!" तो पोट धरून हसला. "बरं, शनिवारी नेतो."

तो गेल्यावर बारकीनं काम मात्र चोख केलं. जुना सेल काढताना डावाचा जीव जाऊ नये म्हणून बाहेरून दुसऱ्या सेलचा प्रवाह जोडला, मगच कांडी टेकवली. डाव शाबूत राहिला. मग तिनं दाराला आतून कडी घातली आणि टीव्ही लावला.

घड्याळराजा समोर आला आणि बढाया मारू लागला. बटण दाबलं की हार, हे एव्हाना सगळ्या शौकिनांना ठाऊक होतं. तिनं हात मांडीवर ठेवले. पाच मिनिटं झाली, दहा झाली. राजा चिडवत होता, रडत होता, शिव्या घालत होता. बारकी ढिम्म. गप्प बसण्यात तिला कोण हरवणार? विसाव्या मिनिटाला राजाचे काटे गळून पडले.

या खेळाची खरी खोड पुढंच होती, आणि आतेभावाचा सगळा तमाशा त्या खोडीसाठीच होता. जिंकणाऱ्याचं नाव खेळ विचारतो, ते म्हाताऱ्याच्या दुकानावर चढवतो आणि दुकान बंद करतो. मग त्या कॅसेटवर पुन्हा खेळ नाही. दिसते ती फक्त पाटी.

बारकीनं फोनवर तक्ता बघून एकेक जपानी अक्षर निवडलं. बा. र. की.

शनिवारी तो कॅसेट घेऊन गेला. "झालं ना नीट?"

"सेल वीस वर्षं हलायचा नाही," ती म्हणाली.

रविवारी चार वाजून सहा मिनिटांनी फोन वाजला. तिनं हातातलं काम संपवून सावकाश उचलला.

"बारके! चाळीस हजार लोकांसमोर माझं नाक कापलंस! तू मुद्दाम केलंस!"

"हो."

"हो काय हो? चार वर्षं गेली माझी! लहानपणी एक डाव पुसला, तर त्याचा असा सूड?"

बारकी खुर्चीत मागं रेलली. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा खळखळून हसली.

"म्हणजे आठवतंय की तुला," म्हणाली, आणि फोन ठेवला.