पंच्याण्णवावा गोल

उमापूरच्या गहिनीनाथ कोळेकरांनी उभ्या आयुष्यात फुटबॉलला पाय लावलेला नाही. तरुणपणी ते ऊसतोडीला कोल्हापूरकडे गेले, तेव्हा तिथल्या मैदानावर एक सामना पाहिला आणि त्या खेळानं त्यांना जे धरलं, ते आजवर सोडलेलं नाही. आता ते मेंढ्या राखतात आणि भारताचा सामना असला की बांधावर बसून मोबाइलवर बघतात.

यंदा त्यांची मुलगी स्वप्नाली गेवराईला, तिच्या कॉलेजातल्या प्रश्नमंजूषेत एका संघातून उतरली. गहिनीनाथही ऐकायला जाऊन मागच्या बाकावर बसले. शेवटी प्रश्न आला, "सुनील छेत्रीचे भारतासाठी गोल किती?"

"पंच्याण्णव," स्वप्नाली म्हणाली.

"चूक. चौऱ्याण्णव," परीक्षकांनी कागद बघून सांगितलं.

गहिनीनाथ उभे राहिले. सगळ्या माना मागे वळल्या. ते बोलले, "सर, तुमचा आकडा जुना हाय. चौऱ्याण्णव गोल करून त्यो निवृत्त झालता. पुढल्या साली माघारी आला, अन् मालदीवच्या सामन्यात डोक्यानं आणिक एक मारला."

परीक्षकांनी मोबाइलवर शोधलं आणि हसून कागदावरचं उत्तर खोडलं. गुण मिळाले, पण स्वप्नालीचा संघ दुसऱ्या क्रमांकावरच राहिला.

बाहेर येताच ती म्हणाली, "आबा, भर सभेत उठलात तुमी. मला लई भ्या वाटलं."

"मला बी वाटलं," गहिनीनाथ म्हणाले, "पन गड्याचा गोल कसा बुडू द्यावा?"