बॅटरीच्या खोलीतला एसी

शिरूरच्या धर्मादाय दवाखान्यात डायलिसिस सुरू झालं आणि माझ्या थोरल्या भावाचा, दादाचा, आठवड्यातून तीनदा होणारा पुण्याचा प्रवास सुटला. पहाटे निघायचं, सणसवाडीला कंपन्यांच्या बसमागे अडकायचं, कोरेगाव भीमाला पुन्हा अडकायचं, चार तास मशीनला जोडून घ्यायचं आणि तसंच माघारी यायचं. येताना त्याला उलट्या व्हायच्या. तीन वर्षं गाडी मी चालवली. या केंद्राबद्दल मी तटस्थ नाही, हे आधीच नोंदवतो.

केंद्रात चार मशीन. छपरावर सोलर आणि जिन्याखालच्या खोलीत बॅटऱ्या. लोखंडी मांडणीवर ओळीने ठेवलेल्या, एकेक उचलायला दोन माणसं लागतील अशा काळ्या पेट्या. लाईट गेली तर मशीन तीन तास चालतील, असं कंपनीने लिहून दिलं होतं. त्या भरवशावर ट्रस्टने जुना जनरेटर एका मंगल कार्यालयाला देऊन टाकला.

त्या खोलीला एसी होता, दवाखान्यातला एकमेव. बॅटऱ्या बसवायला दौंडहून आलेल्या तंत्रज्ञाने बजावलं होतं, की खोली तापू द्यायची नाही. उष्णतेने बॅटरी आतून लवकर म्हातारी होते आणि बाहेरून काही कळत नाही. मार्च लागला तसे कर्मचारी तिथे डबा खायला बसू लागले. मग पेशंटचे नातेवाईकही. एकदा तर मांडणीच्या खालच्या फळीवर आंब्याच्या पेट्या दिसल्या. पुढच्या भेटीत तंत्रज्ञ संतापला. ही बसायची जागा नाही, आत कुणी येता कामा नये, असं त्याने ट्रस्टच्या अध्यक्षांना सुनावलं. अध्यक्षांना सगळे आप्पा म्हणतात. आप्पांनी त्याच दिवशी खोलीला कुलूप लावलं.

पंधरा दिवसांनी एसी मीटिंग हॉलमध्ये होता.

मी विचारायला गेलो. "त्यो साहेबच म्हणाला न्हवं, आत कुणी बसायचं न्हाई?" आप्पा म्हणाले. "मग रिकाम्या खोलीत एसी कुणासाठी?"

"बॅटऱ्यांसाठी."

"बॅटरीला घाम येतो व्हय, पत्रकार?"

बसलेले सगळे हसले. हॉल छान गार होता.

मी अर्ज दिला. त्यावर 'पुढील बैठकीत' असा शेरा पडला. पुढील बैठक त्याच हॉलमध्ये झाली आणि एसीचा विषय वेळेअभावी राहिला. मी थर्मामीटर नेला, कुलूप उघडायला लावलं आणि आतले एक्केचाळीस अंश आप्पांना दाखवले. "उन्हाळा हाय," ते म्हणाले. तंत्रज्ञाला फोन केला. सगळं रिपोर्टमध्ये लिहिलंय, म्हणाला. लिहिलं होतंच, रिपोर्ट आप्पांच्या फायलीत होता. आयुष्यभर बातमीदारी केल्यावर दडवलेलं शोधायची सवय लागते. इथे कुणी काहीच दडवत नव्हतं, आणि तरी एक एसी वीस पावलं हलत नव्हता.

एप्रिलमधल्या एका दुपारी लाईट गेली. दादाचे दोन तास बाकी होते. मशीन बॅटऱ्यांवर आली. मी घड्याळ पाहिलं. अकराव्या मिनिटाला चारही मशीनचे पडदे काळे झाले. दोन मशीनच्या पोटात स्वतःची छोटी बॅटरी असते, ती चालली. त्यांचे पंप फिरत राहिले. दादाचा आणि शेजारच्या खाटेवरच्या काकूंचा पंप थांबला. नळीत थांबलेलं रक्त गोठतं, मग ते अंगात परत घालता येत नाही. सिस्टरने पंपाचा दांडा बसवून माझ्या हातात दिला. "बाणाच्या दिशेनं फिरवा. सावकाश. थांबू नका. मी काकूंचं बघते."

मी फिरवू लागलो.

"उसाचा रस काढतोस का?" दादा म्हणाला. "हळू घे की."

"बोलू नकोस."

"आन् आलं-लिंबू घालायला सांग तिला."

त्याचा चेहरा पांढरा पडला होता. सिस्टरने आधी काकूंचं, मग त्याचं रक्त परत अंगात घातलं आणि दोघांना सोडवलं. राहिलेले दोन तास राहूनच गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच्या पायांत चप्पल जात नव्हती.

मी बातमी लिहिली. तारीख, वेळ, तापमान, अर्जावरचा शेरा, सगळं क्रमाने. दादाने ती दोनदा वाचली.

"चांगली लिहिलीय. देऊ नको."

"का?"

"चौकशी लागंल. केंद्राला टाळं लागंल. मग सोमवारी मला पुण्याला कोण न्हेणार? तुझी कंबर गेलीय, आन् माझ्यात आता तेवढा दम न्हाई."

"पुन्हा अकरा मिनिटांत बंद पडलं तर?"

"म्हणून सांगतो. एसी आपण देऊ."

"तोही उचलतील."

"कसा उचलतील? त्याच्यावर आबांचं नाव टाक." आबा म्हणजे आमचे वडील. "स्मरणार्थ म्हणून लिही. स्मरणार्थ लिहिलेलं साधं बाकडं कुणी हलवलेलं बघितलंस का कवा?"

मी आठवून पाहिलं. नव्हतं पाहिलं. स्टँडवरचा बंद पडलेला वॉटर कूलर कुणाच्या तरी मातोश्रींच्या नावाने वाट अडवून उभा आहे, त्याला कुणी हात लावत नाही.

"न्हाईतर माझंच नाव टाक," दादा म्हणाला. "म्हंजी पुन्हा रंगवायला नको."

"गप बस."

बातमी मी दिली नाही, नवा एसी घेतला. पेंटरने त्यावर लाल ऑइलपेंटने 'कै.' पासून 'स्मरणार्थ' पर्यंत सगळं लिहिलं. आप्पांनी बॅटरीच्या खोलीच्या दारात नारळ फोडला, मला शाल दिली आणि आबांवर पाच मिनिटं बोलले. तापमानाचा उल्लेख नव्हता. निम्म्या बॅटऱ्या निकामी झाल्याचं तंत्रज्ञाने दाखवून दिलं, त्या ट्रस्टने बदलून घेतल्या. ठराव एका बैठकीत झाला. आधीचा एसी हॉलमध्येच आहे.

मेमध्ये हॉलमधला तो एसी बिघडला. ट्रस्टचे दोन सभासद शिडी आणि वायरमन घेऊन बॅटरीच्या खोलीत गेले. सिस्टरने सांगितलं, की एकाने अक्षरं मोठ्याने वाचली, "आबांचा हाय व्हय ह्यो?" म्हणाला, चप्पल काढून हात जोडले आणि शिडी परत नेली.

थर्मामीटर, रिपोर्ट आणि अर्ज यांनी जे झालं नाही, ते रंगाच्या एका डब्याने झालं. याचा आनंद मानावा, असं दादा म्हणतो. मला जमत नाही.

त्याच आठवड्यात दुपारी पुन्हा लाईट गेली आणि अडीच तासांनी आली. तोवर दादाचं डायलिसिस पूर्ण होऊन, सुई जरा हळू काढ, म्हणून तो सिस्टरशी वाद घालत होता.