बसलेल्या सशाचं माप

माझ्या भावाच्या हातून माप चुकत नाही, असं तो स्वतः सांगतो आणि त्याची गिऱ्हाइकंही सांगतात. खरंच आहे ते. शिवण्याच्या बाबतीत नाकावर माशी बसू देत नाही तो. माणूस दुकानाची पायरी चढायच्या आत त्याची कंबर दादाला कळलेली असते. पण मला सांगायचंय वहिनीबद्दल. आता दादाला वगळून वहिनीबद्दल काही सांगताच येत नाही, हीच तर पंचाईत आहे.

वहिनी म्हणजे दुकान आणि स्वयंपाकघर यांच्या मधल्या बोळात मशीन घेऊन बसलेली बाई. लग्न होऊन आली तेव्हापासून तिथेच. एका अंगाला भिंत, दुसऱ्या अंगाला कापडाचे गठ्ठे. मागून जाणाऱ्याने "जरा सरक" म्हणायचं आणि तिने पोट मशीनला टेकवून वाट द्यायची. मी मागच्या गल्लीत राहते आणि दुपारची हातशिलाई करायला दादाकडे येते, म्हणून हे रोज बघते. मला कुणी असं बसवलं असतं तर मी कात्री फेकून मारली असती. वहिनी म्हणते, "चालतंय, वन्सं." त्या वाक्याचा मला भारी राग आहे.

गेल्या वर्षी दादा-वहिनीच्या मुलीला, माझ्या भाचीला, दुसऱ्या गावी नोकरी लागली आणि तिची आतली खोली मोकळी झाली. खोली लहानच, पण तिला खिडकी आहे. त्या खिडकीवर वहिनीचा डोळा होता. इतक्या वर्षांत ती काही मागतेय असं मी पहिल्यांदाच ऐकलं.

"अहो, माझं मशीन आत हलवूया का? उजेड बरा आहे तिथे."

"बघू," दादा म्हणाला. आमच्या घराण्यात "बघू" म्हटलं की त्या गोष्टीकडे पुन्हा कुणी बघत नाही. आठवड्याभरात त्या खोलीत कपाट, इस्त्रीचं टेबल आणि उरलेल्या कापडाचे गठ्ठे जाऊन पडले.

मग भाची सुट्टीला आली ती दोन ससे घेऊन. तिचा घरमालक ठेवू देईना. "आई, थोडेच दिवस," म्हणाली आणि ठेवून गेली. पोरींचे थोडे दिवस किती असतात ते आईला विचारा. दोन्ही माद्या होत्या ते एक नशीब, नाहीतर एव्हाना दुकान सशांच्याच नावावर झालं असतं. शिंप्याच्या घरात आल्या म्हणून पांढरीचं नाव पडलं रीळ आणि करडीचं बॉबिन.

त्यांना पिंजरा हवा होता. दादाने टेप काढली. रीळला कटिंगच्या टेबलावर ठेवलं. ती बिचारी घाबरून गोळा होऊन बसली, कान पाठीला चिकटवून. दादाने लांबी, रुंदी, उंची घेतली आणि खडूने टेबलावर मांडली. बॉबिनचंही तसंच. वर लूज धरला. अंगाच्या मापावर जी ढिलाई सोडतात तिला आमच्यात लूज म्हणतात. "ऐसपैस होईल दोघींना," तो म्हणाला. ग्रिलवाल्याने करून दिलेला पिंजरा टेबलाखाली इतका चपखल बसला की दादा येणाऱ्या-जाणाऱ्याला वाकून दाखवायचा.

सुरुवातीला बॉबिन दातांनी गज धरून हलवायची. मशीन चालू असलं तरी तो खडखडाट ऐकू यायचा. मग एक दिवस तो थांबला.

"बघ, रुळल्या," दादा म्हणाला.

वहिनीचा पाय मशीनवर थांबला. "रुळल्या नाहीत त्या. दमल्यात," ती म्हणाली. मी सुईतून मान वर काढून बघितलं. वहिनी दादाचं बोलणं खोडून काढते हे मला नवीन होतं.

पुढे रीळने खाणं टाकलं. दादा म्हणाला, जनावर आहे, कमीजास्त होतंच. दुसऱ्या दिवशी ऐन गिऱ्हाइकाच्या वेळी वहिनीने दोघींना टोपलीत घातलं, वर ओढणी बांधली आणि मला म्हणाली, "चला वन्सं." दादा कात्री हातात धरून बघतच राहिला.

जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी रीळला टेबलावर न घेता खाली चटईवर सोडलं. बराच वेळ ती हललीच नाही. मग तिने पुढचे पाय पुढे सरकवले, मागचे मागे सोडले आणि पसरली. अहो, केवढी लांब. दुप्पट झाली माझ्या डोळ्यांदेखत. मग उठून मागच्या पायांवर उभी राहिली आणि कान वर केले. तिला इतके मोठे कान आहेत हे आमच्या लक्षातच आलं नव्हतं.

"पिंजरा केवढा आहे?" बाईंनी विचारलं.

वहिनीने हाताने दाखवला.

"हे बसलेल्या सशाचं माप झालं. ससा काय जन्मभर बसूनच राहतो?" त्यांनी रीळचे तळपाय उलटे करून दाखवले. पिंजऱ्याच्या तळाच्या जाळीने सोलून निघाले होते. पिंजरा मोडा, म्हणाल्या. दोघींना पळता येईल, उभं राहता येईल, लांब होता येईल एवढी जमीन द्या, नाहीतर हिचं पोट बंद पडेल आणि ही काही जगत नाही. परतताना वाटभर वहिनीने टोपली पोटाशी धरली होती.

घरी येऊन मी दादाला सगळं सांगितलं, अगदी तिखटमीठ लावून. तो मटकन स्टुलावर बसला. "बसवून माप घेतलं मी," तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. "पोरकट चूक. कालचा शिकाऊसुद्धा अशी करणार नाही." त्याला खरोखर लाज वाटली होती. फिटिंग बिघडलेला कपडा तो झोप सोडून उसवतो.

"आतली खोली त्यांना द्या," वहिनी म्हणाली.

"अगं, ती तू स्वतःसाठी मागितली होतीस," मी म्हटलं.

"माझं चालतंय, वन्सं. त्यांचं चालत नाहीये." मग दादाला म्हणाली, "माझं मशीनही तिथेच ठेवू. मी असेन त्यांच्याजवळ."

"केस उडतात त्यांचे. गिऱ्हाइकाच्या काळ्या कोटावर ससा दिसला तर मी तोंड कुठे लपवू?" आणि तेही काही खोटं नव्हतं. दादाचं हेच वैतागवाणं आहे, तो कधी धड चुकतही नाही.

दोन दिवस दुकान अर्धं बंद ठेवून त्याने खोली रिकामी केली. चटया अंथरल्या, वायरी उंच बांधल्या, लपायला खोकी कापून दिली. तिसऱ्या दिवशी रीळ गवत खायला लागली. वहिनी हसली. पण कपाट, टेबल, गठ्ठे सगळं बोळात आलं होतं आणि आता मशीनला जागाच उरली नव्हती. दादा टेप घेऊन गरगर फिरला आणि शेवटी ट्रायल रूमपाशी थांबला. नावालाच रूम. एक कोपरा, एक आरसा, एक पडदा.

"इथे?" मी म्हटलं. "इथे बाईला हात वर करता येणार नाहीत."

"तिला कशाला हात वर करायचेत? बसायलाच तर लागतं तिला," दादा म्हणाला. मनात काहीही वाईट नसताना म्हणाला. मी तोंड उघडलंच होतं, पण वहिनीने माझा दंड दाबला. आजही आठवलं की माझं डोकं फिरतं.

आरशासमोर मशीन आलं. "निदान कुणी सरक तरी म्हणत नाही," वहिनी म्हणाली.

एकदा दुपारी मी आले तर मशीन बंद. दादा बाहेर कापड कापत होता. मी कोथिंबिरीच्या काड्या टाकायला आतल्या खोलीत गेले, तर वहिनी चटईवर आडवी. उताणी, पाय सरळ सोडलेले, हात डोक्यावरून मागे टाकलेले. रीळ तिच्या कुशीला लागून पसरली होती. बॉबिन तिच्या पायांवरून उड्या मारत होती. दिवसाउजेडी वहिनीला आडवं झालेलं मी जन्मात पाहिलं नव्हतं.

"दार लोटा, वन्सं," ती म्हणाली. मी लोटलं. "पाय कशालाच लागत नाहीत इथे." तिच्या डोळ्यांतून पाणी कानांकडे वाहत होतं आणि ती ते पुसत नव्हती. मी तिच्याजवळ खाली बसले. मलाही रडू आलं.

तेवढ्यात दार उघडलं. दादाने तिला बघितलं आणि त्याचा चेहरा पांढराफटक पडला. "अगं, काय झालं? चक्कर आली का?"

मी वहिनीकडे बघत राहिले. सांग, मी मनात म्हणत होते. एकदा तरी सांग, की मला वाटलं म्हणून मी अशी पसरलेय.

वहिनी छताकडे बघत होती. मग तिने हात खाली घेतले.

"हो," ती म्हणाली. "जरा आली."

दादा पळत जाऊन पाणी घेऊन आला. ज्याला घरातला पेला सापडत नाही, त्याने स्वतः आणलं. तिच्या पाठीला हात देऊन तिला उठवलं आणि घोटघोट पाजलं. "एवढं अंगावर काढू नये गं," तो म्हणाला. "चल, बसून घे जरा."

वहिनीने केस बांधले, अंगावरचं गवत झटकलं, आणि पडद्याआड जाऊन मशीनवर बसली.