मानेचं दुखणं

आमचं लग्न होऊन जेमतेम महिना उलटला होता आणि आई पुण्याहून राहायला येणार होती. तिच्या लेखी मी जर्मनीत र्युसेल्सहाइमला गाड्यांच्या कारखान्यात नोकरी करणारा, लग्नाचं मनावर न घेणारा मुलगा होतो आणि माझा नवरा हा माझा रूममेट होता. मुलगा ठाण्याचा, एश्बॉर्नला सॉफ्टवेअरमध्ये, भाज्या उत्तम करतो, एवढं तिला फोनवरून माहीत होतं. तेवढ्यावरच ती त्याच्यावर खूश होती.

सांगून टाकावं असं कितीदा तरी ओठांवर यायचं. पण त्याने आपल्या घरी सांगितलं होतं, आणि तेव्हापासून ठाण्याला फोन उचलला जात नव्हता. दर रविवारी सकाळी तो फोन लावायचा, रिंग पूर्ण वाजू द्यायचा आणि मग चहा ठेवायचा. मला बाबा नाहीत. आईनेही असाच फोन वाजू दिला तर, या विचारानेच मी विषय बदलायचो.

तेव्हा आम्ही घर आवरलं, म्हणजे खरं तर लग्न आवरलं. फोटो तळघरात गेला. त्याची उशी बाहेरच्या सोफ्यावर गेली. अंगठी त्याने काढून ठेवली, मी ठेवली नाही, कारण इथे लग्नाची अंगठी उजव्या हातात घालतात आणि आई फार तर ती कुठल्या ग्रहाची म्हणून विचारेल असा माझा हिशोब होता. नवी जोडपी घर लावतात, आम्ही मोडत होतो. तो एका शब्दाने बोलला नाही, आणि त्याचाच मला राग येत होता. निदान भांडायचं तरी!

आई आली आणि दोन दिवसांत तिने त्याला खिशात टाकलं. 'अरे, तू बस, मी करते,' 'अरे, तू किती वाळलायस!' असं तिचं सुरू झालं. मधेच ताईच्या नवऱ्याचा व्हिडिओ कॉल आला की हिचा सूर बदलायचा. 'अहो, तुम्ही जेवलात का?' तो माझ्याच वयाचा, गल्लीत माझ्या बॉलिंगवर आउट झालेला. पण जावयाला अरे-तुरे केलं तर जणू तिची जीभच झडणार होती.

सगळा बंदोबस्त केला, पण खालच्या मजल्यावरच्या म्हाताऱ्या बाईंना विसरलो. श्टांडेसआम्टच्या, म्हणजे लग्न लावायच्या कचेरीच्या पायऱ्यांवर याच बाईंनी आमच्यावर तांदूळ उधळले होते. आईला घेऊन मी जिना चढत होतो, तर त्या दारातून ओरडल्या, "ग्रुस आन इरेन मान!" तुमच्या 'मान'ला माझा नमस्कार सांगा. जर्मनमध्ये मान म्हणजे नवरा. मी आईला भराभर वर नेलं.

"मान मान काय करत होती रे ती?" आईने वर आल्यावर विचारलं.

"मध्यंतरी माझी मान धरली होती ना. चौकशी करत होत्या."

"बघ, किती माया! आणि मला कधी बोलला नाहीस?"

संध्याकाळी तिने तेल कोमट केलं आणि मला पाटावर बसवलं. तिचे अंगठे मानेवर फिरत होते आणि मी श्वास धरून बसलो होतो. "लाकूड झालंय रे नुसतं," ती म्हणाली, "एवढी कसली काळजी करतोस?" समोर सोफ्यावर माझा नवरा त्याच्या उशीला टेकून बसला होता. त्याच्याकडे बघायची मला हिंमत झाली नाही. मग ते तेल रोजचंच झालं. त्यानंतर जिन्यात बाई भेटल्या आणि 'मान' म्हणाल्या की आई आपल्या मानेला हात लावून हसत 'गूट, गूट', म्हणजे बरी आहे, म्हणायची. बाईही हसायच्या. मी तेवढ्यापुरता मरायचो.

मग एका दुपारी कामावर बाईंचा मेसेज आला. तुमची आई माझ्याकडे केक खायला आली आहे, फोन भाषांतर करतोय, आमच्या मस्त गप्पा चालल्यात. मी साहेबांना काहीतरी कारण सांगितलं आणि सायकल हाणत घरी आलो. बाई दारातच होत्या, आनंदाने फुललेल्या. "लग्नाचे फोटो दाखवले मी त्यांना! किती वेळ बघत होत्या."

वर आई पुरण घाटत होती. पाठमोरी. मी 'आई' म्हणालो, तर ती म्हणाली, "कणीक झाकून ठेव." मी कणीक झाकली आणि तिथेच उभा राहिलो. तिने एकदाही वळून पाहिलं नाही.

तो आला. आईने दाराकडे बघितलं. "आलात? हात धुऊन घ्या."

आई कुणावर फार चिडली की त्याला 'तुम्ही' करते. ज्या घरमालकाला ती 'अरे' म्हणायची, त्याला पाण्यावरून भांडण झाल्यावर तिने तो मरेपर्यंत 'तुम्ही'च ठेवलं. तिने याला परका केला होता, आता माझी पाळी. त्याचाही चेहरा उतरला.

"काकू, माझं काही चुकलं का?" तो कसाबसा म्हणाला. "मला अहो-जाहो का करताय?"

"जावयाला मी अरे-तुरे करत नाही," आई म्हणाली. "बसा."

तव्यावरची पहिली पोळी तिने उतरवली. सवयीने मी ताट पुढे केलं, तर तिने ते उलथन्याने बाजूला सारलं. "थांब. आधी मान त्यांचा." पोळी त्याच्या ताटात पडली. तिने वर तूप सोडलं.

"ताईला काय सांगू, लोकांना काय सांगू, मला काही सुचत नाही. भीती वाटते रे मला," ती मला म्हणाली. मग डोळे पुसून तिने पुढची पोळी लाटायला घेतली. "आणि तुझी मान दुखत नव्हतीच ना?"

"नाही."

"रोज तेल चोळून घेतलंस, मेल्या."