लालबुंद कोंब

लेक कॅनडात गेली, तिथे घरामागे हातभर अंगण मिळालं, आणि त्यात काय लावावं याची यादी मी मल्लेश्वरमच्या बाल्कनीत बसून केली. मोगरा, जास्वंद, कढीपत्ता. बंगळुरात पारा सोळावर आला की मी कानटोपी चढवतो. घरात थंडीचा जाणकार मीच.

"बाबा, इथे उणे तीस होतं."

"मग थंडीत आत घ्यायची."

"जमिनीत लावलेली?"

पहिल्या हिवाळ्यात सगळं गेलं. दुसऱ्यातही. "अजून एक हिवाळा बघते," ती हसत म्हणाली, "एकही झाड टिकलं नाही ना, तर सरळ परत येते." तिने गमतीत म्हटलं. मी तिच्या खोलीतला पंखा पुसून घेतला.

तिसऱ्या वर्षी तिने तिथल्या रोपवाटिकेतल्या बाईंना विचारून मोठाल्या फुलांची पिओनी लावली. नोव्हेंबरात फोनवर दाखवली: चार काळे देठ, भोवती बर्फ.

"मेलंय गं ते. उपटून टाक."

हे सांगताना माझा आवाज जरा जास्तच प्रसन्न होता, असं बायकोचं मत. खालच्या मजल्यावरच्या अक्का तेव्हा कोथिंबीर द्यायला आल्या होत्या. तीन पिढ्या इथेच गेलेलं मराठी घर, आणि हाताला झाडाचा गुण. फोनमध्ये डोकावून म्हणाल्या, "स्वल्प थांबा की, अण्णा. मुळं कुठे बघितलीत?"

"अक्का, आपल्याकडे असं दिसलं की झाड गेलेलंच असतं."

"आपल्याकडे," अक्का म्हणाल्या आणि कोथिंबीर ठेवून गेल्या.

मे महिन्यात एका सकाळी फोन आला. पडद्यावर नुसता चिखल, आणि त्यातून वर आलेले बोटभर लालबुंद कोंब. पाच.

"उपटलं नव्हतंस?"

"गेले होते उपटायला. जमीन दगड झालेली, खुरपंच वाकलं. त्या बाई म्हणाल्या, ही वरून मरते आणि खाली झोपते. उलट थंडी मिळाली नाही तर फुलतच नाही."

"म्हणजे आपल्या बाल्कनीत..."

"नाही हो बाबा. तिथे नाही जगायची."

तिचा आवाज इतका आनंदात होता की मला माझा नोव्हेंबरातला आवाज आठवला. बायको माझ्याकडे बघत होती.

"कुंपण घाल हं," मी म्हटलं. "कोणाचा पाय पडेल."

"घालते. फुलं यायला मात्र अजून दोन वर्षं लागतील म्हणे."

"लागू देत," मी म्हटलं. "घाई करू नकोस तिला."