गुरुवारचा बॅकअप

"हा सर्व्हर आहे की बैलगाडी?" प्लांट हेड रणजीत सरांनी दारातूनच आवाज चढवला. "एक ड्रॉइंग उघडायला दहा मिनिटं! मॅडम, तीन वर्षांआधीचे सगळे मेल उडवा."

सादिका शिकलगारनं मान वर केली नाही. "आधी बॅकअप तपासते."

"दर गुरुवारी होतो ना तुमचा बॅकअप?"

"होतो. पण उघडून पाहिलेला नाही. पाहिल्याशिवाय पुसणार नाही."

"शुक्रवारपर्यंत. नंतर मला काही ऐकवू नका."

तो गेला तशी सादिकानं हातातला पेन टेबलावर आपटला. उडवायच्या मेलांत एक मेल कुठला होता, हे त्यालाही माहीत होतं आणि तिलाही.

अकरा वर्षांपूर्वी महाळुंग्याच्या या कंपनीत ती गेटपास लिहायला लागली होती. संगणकवाला सोडून गेला, तेव्हा "तुम्हीच बघा तात्पुरतं" म्हणून सर्व्हरची खोली तिच्या गळ्यात पडली, ती पडलीच. पगार गेटपासचा, बोलणी सर्व्हरची. साडेतीन वर्षांपूर्वी इथंच पत्रा दाबणाऱ्या सात नंबरच्या प्रेसमध्ये कुलदीप या कामगाराची दोन बोटं गेली. कंपनी म्हणते, मेंटेनन्सनं धोका कळवलाच नव्हता. मेंटेनन्स म्हणजे नवनाथ. आणि नवनाथनं आदल्याच दिवशी रणजीत सरांना मेल पाठवला होता. टायपिंग जमत नाही म्हणून सादिकाच्या शेजारी स्टूल ओढून, तिच्याकडून लिहून घेऊन. पुढच्या बुधवारी कामगार कार्यालयात सुनावणी होती. मेल राहिला तर कुलदीपची बाजू राहणार होती, नवनाथची नोकरीही.

तिनं गेल्या गुरुवारची बॅकअपची फाइल जुन्या संगणकावर उघडली. उघडेना. त्याच्या आधीची घेतली. तीच गत. वर्षभराच्या सगळ्या फाइली अर्धवट, सगळ्या बाराच्या आसपास तुटलेल्या. त्याआधीच्या जागेअभावी केव्हाच पुसल्या गेलेल्या. सर्व्हर तिला दर गुरुवारी सकाळी अकराला 'बॅकअप सुरू' असा निरोप पाठवायचा. सुरू झालं म्हणजे संपलंही असणार, असं धरून ती रजिस्टरवर सही करत आली होती. पिंपरी कॅम्पात मिक्सर दुरुस्त करणाऱ्या तिच्या अब्बांनी एकही मिक्सर फिरवून पाहिल्याशिवाय गिऱ्हाइकाच्या हातात दिला नव्हता. तिला स्वतःच्या थोबाडीत मारावंसं वाटलं.

ती तडक मेंटेनन्समध्ये गेली. "नवनाथभाऊ, गुरुवारी बाराच्या सुमाराला काय होतं हो इथं?"

"बेस्तरवारी? सुट्टी असती की ताई."

"लाईटचं काय होतं?"

"मेन पाडतो मी, साडेअकराला. रणजीत सायबांचा हुकूम हाय. सुट्टीला लाईट जळाया नको म्हंत्यात. झालं की आता वरीसभर."

"आणि सर्व्हर?"

"त्याला बॅटऱ्या हायत न्हवं?"

"अर्ध्या तासाच्या! सहा तासांचं काम असतं त्याचं! मी मुद्दाम गुरुवार धरला, कुणी नसतं म्हणून. अर्ध्यात गचकतो तो. शुक्रवारी लाईट आली की चार-पाच दिवस आपलीच मोडतोड तपासत बसतो, म्हणून मेल रांगतात. आणि मी मेली सुट्टीनंतरची गर्दी समजून गप्प! तुमचा प्रेसचा मेल त्या एका डिस्कवर आहे, नवनाथभाऊ. दुसरीकडं कुठंच नाही. आणि तो उडवायला सांगितलाय."

नवनाथनं हातातला टेस्टर खिशात खोचला. "म्हंजी माझाच मेल मीच मारत होतो व्हय?"

"परवा मेन पाडायची नाही."

"सायबांनी इचारलं तर?"

"माझं नाव सांगा."

"तुमचं कशापाई?" तो एकदम उसळला. "मला काय तोंड न्हाई?"

गुरुवारी सुट्टी असून ती पुनावळ्याहून स्कूटरवर आली. नवनाथ मेन स्विचपाशी खुर्ची टाकून राखण करत बसला होता. साडेअकराला रणजीत सरांचा फोन आला. "पाडली का रे मेन?" नवनाथ म्हणाला, "न्हाई. आज पाडणार बी न्हाई," आणि फोन ठेवून दिला. पाच वाजता बॅकअप पुरा झाला. या वेळी सादिकानं तो जुन्या संगणकावर पूर्ण उतरवला आणि नवनाथचा मेल शोधून उघडला.

"वाचा ना ताई."

"सात नंबरचा सेन्सर बंद आहे. माणूस लावू नये." खाली रणजीत सरांचं उत्तर होतं. तिनं तेही वाचलं. "माल आज गेला पाहिजे. सेन्सरचं नंतर बघू."

नवनाथनं तोंडातल्या तोंडात शिवी दिली. तिनं त्याला अडवलं नाही.

शुक्रवारी मेल झरझर उघडत होते. रणजीत सर आले. "झाला ना फास्ट? उडवलं वाटतं जुनं."

"एकही मेल उडवलेला नाही. तुमच्या हुकमानं दर गुरुवारी मेन पडत होती, म्हणून तो रांगत होता. काल पडली नाही."

त्याचा चेहरा ताठरला. "तरीही जुनं काढा."

"आता कशाला? फास्ट झालाय ना?"

"मी सांगतोय म्हणून."

"मग लेखी द्या. सुनावणी तोंडावर असताना मेल पुसा, असं सहीनिशी."

"पासवर्ड द्या. माझं मी करतो."

तिनं चिठ्ठीवर पासवर्ड लिहिला आणि त्याच्यापुढं सरकवला. "घ्या. बॅकअपची डिस्क मात्र इथं नाही. मूळ आणि बॅकअप एकाच खोलीत ठेवले तर एकाच आगीत दोन्ही जातात. आता दर शुक्रवारी ती पिंपरीच्या मुख्य ऑफिसात जाणार. आजची सकाळीच गेली, कायदा विभागात. पोच आहे माझ्याकडं. सुनावणीतला मेल आत आहे, हे पत्रात तारखेसकट लिहिलंय."

"कुणाला विचारून?"

"गेटपास लिहून पाठवली, सर. अकरा वर्षं तेच तर करतेय."

"तुमची नोकरी—"

"जाईल ना? जाऊ दे! त्याची बोटं गेली, सर! बोटं!"

बाहेरच्या ऑफिसातलं टायपिंग थांबलं. रणजीत सरांनी एकदा चिठ्ठीकडं, एकदा दाराकडं पाहिलं. चिठ्ठी तिथंच ठेवून तो निघून गेला. सादिकानं लगेच पासवर्ड बदलला. आणि नवा चालतो का, तेही एकदा उघडून पाहिलं.