मनकर्णाबाईच्या घरचा विस्तव

वडनेरजवळच्या त्या गावात नवी सून आली की पहिल्या आठवड्यातच तिला कळायचं, विस्तव हवा असेल तर मनकर्णाबाईच्या घरी जायचं. बाकीच्यांच्या चुली कधी विझायच्या, कधी धुमसायच्या. मनकर्णाबाईची चूल बारा महिने जागी. रात्रीची भाकर झाली की ती निखाऱ्यांवर राख ओढायची, वर एक जाडजूड गोवरी ठेवायची, आणि पहाटे राख बाजूला सारली की खाली निखारे लालबुंद. गावात आगपेटी नव्हती असं नाही. पण ती विडी ओढणाऱ्या पुरुषांच्या खिशात. सकाळची चूल काडी ओढून पेटवणारी बाई एकतर आळशी, नाहीतर शेजारणीशी भांडलेली, असा बायकांचा ठाम समज होता आणि तो खोडून काढायच्या फंदात कोणी पडत नव्हतं.

मनकर्णाबाईच्या पोटी मूल नव्हतं. नवरा डोमाजी एका पोळ्याच्या आधी तापानं गेला, तेव्हा तिची चाळिशीही उलटली नव्हती. शेत होतं, बैलजोडी होती, दोन गाई आणि एक म्हैस होती, आणि हे सगळं सांभाळायला तानबा नावाचा जुना सालदार होता. खाण्यापिण्याची ददात नव्हती. जीभ मात्र फटकळ. दारात कोंबडं आलं तरी चार शब्द ऐकून जायचं. तरीही पहाटे तिच्या स्वयंपाकघरात हातात गोवरी घेतलेल्या बायका यायच्या, आणि त्यांत रोज, न चुकता, यायची ती समोरच्या घरची कौशल्याबाई.

विस्तव मागायला येणं म्हणजे घेतला आणि गेलं असं नसतं. गोवरी निखाऱ्यावर ठेवायची, फुंकायची, तिनं लाल कड धरली की उचलायची. तेवढा वेळ बसावंच लागतं. तेवढ्या वेळात कोणाची म्हैस व्याली, कोणाची पोर सासरहून परत आली, नत्थूजी, म्हणजे कौशल्याबाईचा नवरा, रात्री कोणत्या गोष्टीवरून कुरकुरला, हे सगळं निघायचं. पावसाळ्यात तर कौशल्याबाईची गोवरी हमखास ओली. ती पेटायला बराच वेळ घ्यायची आणि घरभर धूर करायची.

"सुकी गोवरी आणता नाई येत तुले?" मनकर्णाबाई डोळे पुसत खेकसायची. "माह्याच घरात मलेच धूर चारतं!"

"सुकी आणली तं तू लवकर हाकलतं ना वं," कौशल्याबाई म्हणायची आणि दोघी हसायच्या.

मनकर्णाबाईचा दिवस असा सुरू व्हायचा. पुढे दिवसभर तानबाशी वैरणीबद्दल दोन वाक्यं, गाईशी चार, आणि मग संध्याकाळ. पण सकाळ भरलेली असली की माणूस उरलेला दिवस ओढून नेतो.

मग डोळे बिघडले. सतत पाणी, सतत लाली. हिंगणघाटच्या डॉक्टरांनी सांगितलं, धूर बंद करा. मनकर्णाबाईनं विचारलं, मग खाऊ काय? त्याचं उत्तर डॉक्टरांकडे नव्हतं, ते ओमप्रकाशकडे होतं. ओमप्रकाश हा तिच्या थोरल्या दिराचा मुलगा, शेतकी खात्यात नोकरीला. पोरगा भला, पण उत्साह असा की समोरच्याला श्वास घेऊ देणार नाही. अठ्ठ्याहत्तरच्या हिवाळ्यात वर्ध्याला शेतकी प्रदर्शन भरलं, तेव्हा त्यानं काकूला एसटीत बसवून नेलंच.

मनकर्णाबाईनं अशी जत्रा पाहिली नव्हती. देव नाही, पण गर्दी तेवढीच. एका मांडवात संकरित कपाशीची झाडं उभी केलेली, बोंडं एवढी टपोरी की म्हातारे शेतकरी कोणी बघत नाही असं पाहून दाबून बघायचे, खरी आहेत की नाही. पुढे पवनचक्की होती. वारा पडलेला असल्यामुळे माहिती सांगणारा साहेब हातानंच पाती फिरवत होता. एका काचेच्या पेटीत उन्हावर भात शिजत होता आणि ढग आला की भोवतीची सगळी माणसं वर बघायची. मनकर्णाबाई या सगळ्यावर मनातल्या मनात टीका करत पुढे चालली होती, ती गोबर गॅसच्या मांडवात आली आणि थांबली. शेगडीवर निळे जाळ. धूर नाही, राख नाही, भांड्याचं बूड पांढरंस्वच्छ.

"हे शेणातून?" तिनं विचारलं.

"शेणातून, काकू. तुह्या घरी पाच जनावरं हाय. आरामात होते."

आणि झालं. अंगणात खड्डा खणला, विटांचं बांधकाम झालं, वर उपड्या पिपासारखी लोखंडी टाकी बसली. तानबा रोज सकाळी शेण-पाणी कालवून आत ओतू लागला. गावातली ही पहिलीच टाकी, म्हणून वर्ध्याहून साहेब बघायला येणार, फोटो काढणार असं ठरलं. तेव्हा ओमप्रकाश म्हणाला, "काकू, बिनधुराचं घर म्हणून फोटो निघन अन् मागं ही काळी चूल दिसन. काढून टाक ना."

सासूनं हातानं घातलेली चूल ती. पण त्या निळ्या जाळांनी मनकर्णाबाईच्या डोळ्यांना भुरळ घातली होती. तिनं स्वतः कुदळ घेतली, चूल फोडली, जागा सारवून घेतली. फोटो छान आला असं ओमप्रकाश म्हणाला. तिला तो कधी कोणी दाखवला नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे कौशल्याबाई नेहमीसारखी गोवरी घेऊन आली. सारवलेल्या कोपऱ्याकडे बघत दारातच थांबली.

"विस्तव नाई आता वं!" मनकर्णाबाई हसत म्हणाली. अंगात नवेपणाचं वारं होतं. "तुह्या रोजच्या चकरा वाचल्या. हे घे." आणि फळीवरची नवीकोरी आगपेटी काढून तिच्या हातावर ठेवली.

देताना मनात एक कणही वाईट नव्हता. उलट चांगलंच वाटलं, आपण काहीतरी दिलं असं. कौशल्याबाईनं आगपेटीकडे पाहिलं, गोवरीकडे पाहिलं आणि "बरं" म्हणून गेली.

पहिला महिनाभर काहीच कळलं नाही. आजूबाजूच्या गावांतून माणसं टाकी बघायला येत होती. मनकर्णाबाई शेगडी पेटवून दाखवायची, विझवून दाखवायची, पुन्हा पेटवायची. बायका "अबब" करायच्या. मग बघणारे बघून संपले, तशी एका सकाळी ती चहाचा कप घेऊन बसली आणि घर इतकं शांत वाटलं की तिनं उठून गाईला वैरण आहे का ते पाहिलं. वैरण होती. ती पुन्हा येऊन बसली.

गॅसवर चहा डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच होतो. भाकरी, भाजी, सगळंच झटपट. प्रदर्शनातला साहेब म्हणाला होता, बाईमाणसाचा रोजचा किती वेळ वाचतो बघा. वाचला खराच. पण तो ठेवायचा कुठे, हे त्यानं सांगितलं नव्हतं.

आणि मग एक दिवस तिनं पाहिलं. पहाटेच्या वेळी कौशल्याबाई गोवरी हातात घेऊन तिच्या दारावरून पुढे गेली. गल्लीच्या टोकाला सुलोचनाबाईचं घर, तिथे. म्हणजे आगपेटी तिनं वापरलीच नव्हती. मनकर्णाबाई ओट्यावरच उभी होती. कौशल्याबाईनं मान वळवली नाही, आणि मनकर्णाबाईनं हाक मारली नाही. बोलावून द्यायचं काय? घरात एक निखारा नव्हता.

ज्यांचं पटत नाही त्यांच्यात विस्तव जात नाही, असं आपण म्हणतो. इथे तर भांडणही नव्हतं. भांडण असतं तर मनकर्णाबाईनं चार शिव्या देऊन, चार ऐकून मिटवलं असतं; ती त्यात वाकबगार होती. विहिरीवर गाठ पडायची. "बरी हाय का?" "बरी हाय." दोर वर यायचा, घागर भरायची, दोघी आपापल्या वाटेनं. डोळे बरे झाले होते. पाणी यायचं थांबलं होतं, कधी आलंच तर ते धुराचं नव्हतं.

असे दोन हिवाळे गेले. तिसऱ्याला पुन्हा वर्ध्याला प्रदर्शन भरलं आणि या वेळी ओमप्रकाशनं काकूला बघायला नाही, मांडवात बसायलाच नेलं. टाकी चालवणारी खरीखुरी शेतकरी बाई समोर असली की बायकांना पटतं, असं साहेबांचं म्हणणं होतं. मनकर्णाबाईला नवं लुगडं घेतलं. तिच्यासमोर शेगडी, मोठं पातेलं, आणि येईल त्याला अर्धा कप चहा.

खरं सांगायचं तर ती तिथे फुलली. दोन वर्षं तोंडात कोंडलेले शब्द बाहेर पडले. "पाह्य माय, भांडं काळं होत नाई!" "माह्ये डोळे गेलते, या गॅसनं वाचवले!" बायका हसायच्या, बसायच्या, आणखी चहा मागायच्या. पुलगावकडच्या, आर्वीकडच्या, कुठकुठच्या बायका. त्यांच्या चेहऱ्यांत मनकर्णाबाई स्वतःच्या नकळत एकच चेहरा शोधत होती. तो समोर गल्लीतच राहणारा, तो वर्ध्याला कशाला येणार?

शेवटच्या दिवशी दुपारी पुलगावकडची एक म्हातारी बराच वेळ शेगडीकडे बघत बसली होती. चहा संपवून तिनं कप खाली ठेवला आणि विचारलं, "सगळं खरं हाय बाई. पण सकाळी शेजारीण विस्तव मागाले आली, तं तिले काय देतं तू?"

मनकर्णाबाईच्या हातातली पळी पातेल्यातच राहिली. सगळी उत्तरं तिला पाठ होती, धुराची, वेळेची, खताची. हे कोणी विचारलंच नव्हतं.

"येत नाई कोणी," ती म्हणाली.

मागच्या बायकांत एकच हशा पिकला. "मंग तं बरंच झालं! सकाळची कटकट गेली!" ओमप्रकाशही हसला, टाळी वाजवत म्हणाला, "पहा, हा अजून एक फायदा!" मांडव हसत होता. म्हातारी तेवढी हसली नाही. ती मनकर्णाबाईकडे बघत राहिली, मग गुडघ्यावर हात टेकून उठली आणि गर्दीत निघून गेली. मनकर्णाबाईला त्या एवढ्या माणसांत जितकं एकटं वाटलं तितकं डोमाजी गेला त्या दिवशीही वाटलं नव्हतं. त्या दिवशी निदान कौशल्या शेजारी बसलेली होती.

गावी परतल्यावर तिनं पहिलं काम काय केलं असेल, तर गोठ्यात जाऊन दोन्ही हातांनी शेण उचललं आणि उन्हाच्या भिंतीवर एक गोवरी थापली. तानबा बादली घेऊन बघत उभा राहिला.

"बाई, शेण तं टाकीत टाकाचं ना?"

"एका गोवरीनं टाकी उपाशी नाई मरत. तू आपलं काम कर."

गोवरी वाळायला किती दिवस लागतात हे त्या गावात पोरालाही माहीत. मनकर्णाबाईचा जन्म गोवऱ्या थापण्यात गेलेला. तरी तिसऱ्या पहाटे तिनं ती भिंतीवरून सोडवली. वरून करडी झाली होती, पोटात अजून मऊ होती. तिनं ती पदराआड घेतली आणि गल्ली ओलांडली. गल्ली ती केवढी, बैलगाडी जेमतेम जाईल एवढी. पण आयुष्यात कोणाच्या दारी विस्तव मागायला ती कधी गेली नव्हती. तिनं दिलेलाच होता.

कौशल्याबाई चुलीपुढे बसली होती. तिची सून नलू परातीत पीठ मळत होती. दारात मनकर्णाबाईला बघून तिचे हात थांबले.

"कौशल्या," मनकर्णाबाई म्हणाली. आवाज नेहमीसारखा फटकळ काढायचा होता, तो निघाला नाही. "विस्तव दे वं."

कौशल्याबाईनं वळून पाहिलं. "तुह्या घरी तं गॅस हाय."

"हाय."

"आगपेटीबी असन."

"तेबी हाय."

नलूला हसू येत होतं, तिनं ते पिठात दाबलं. कौशल्याबाईनं हात पुढे करून गोवरी घेतली, सवयीनं अंगठा दाबून पाहिला. अंगठा आत गेला.

"ही तं ओली हाय."

"हो," मनकर्णाबाई म्हणाली. "ओलीच आणली."

कौशल्याबाईनं चिमट्यानं दोन निखारे चुलीच्या कडेला ओढले, गोवरी त्यांच्यावर ठेवली आणि फुंकर घातली. धूर उठला, दोघींच्या मध्ये भरला. मनकर्णाबाईच्या डोळ्यांना पाणी आलं, ते तिनं पुसलं नाही. कौशल्याबाईनं भिंतीला टेकलेला पाट ओढला आणि तिच्याकडे सरकवला.

"बस," ती म्हणाली. "उभ्यानं थोडी पेटते ही."